मुठेचा गाळ कुठं अडतो?

(दृश्य : जुलै. भिडे पुलावरून पाणी वाहतंय. काठावर छत्र्या, मोबाइल.)

खडकवासल्यातून पाणी सोडलं की पुणेकर नदीकाठ गाठतात. विसर्ग किती क्युसेक, भिडे पूल बुडाला का, एवढी चौकशी होते. पाणी इतकं गढूळ का, हे कुणी विचारत नाही. सह्याद्रीच्या काळ्या पाषाणाची झीज वाहून चाललेली असते ती.

मुठा संगमावर मुळेला भेटते, पुढं दोघी मिळून भीमेला. भीमा रायचूरजवळ कृष्णेत जाते, आणि कृष्णा आंध्रात हंसलदीवीपाशी समुद्राला मिळते. तिथला त्रिभुज प्रदेश अशाच गाळानं हजारो वर्षांत रचला. गाळाची जमीन स्वतःच्या भारानं दबत जाते. वर नवा थर पडत राहिला तरच टिकते. त्यात आता समुद्रही चढतो आहे.

पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या संशोधकांनी २०१७ साली दाखवून दिलं, की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात विस्तीर्ण भागावर कोसळणारी अतिवृष्टी जवळपास तिपटीनं वाढली. रिमझिम जमिनीत मुरते, मुसळधार माती खरवडून नेते. मग मुखाशी गाळ वाढायला हवा, नाही का?

जगातल्या ४७ मोठ्या त्रिभुज प्रदेशांचा अंदाज २०१९ साली मांडला गेला, तो उलटा निघाला. शतकअखेर पोचणारा गाळ सरासरी ३८ टक्क्यांनी घटेल. पावसाच्या बदलावर धरणं आणि जमिनीचा बदललेला वापर मात करतात.

आपल्या गाळाच्या वाटेवरची धरणं बघा. उजनी, जुराला, श्रीशैलम, नागार्जुनसागर, प्रकाशम बंधारा. कृष्णेच्या मुखाशी येणारा गाळ गेल्या शतकाच्या मध्यापासून नव्वद टक्क्यांहून जास्त आटलाय.

महाराष्ट्रात ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ अशी योजना आहे. नाव चपखल : धरणाला नको, तो शेताला हवा. कृष्णेच्या मुखाकडचं भातशेत मात्र त्या शिवारात धरलेलं नाही.

(दृश्य : भिगवण, उजनीचा फुगवटा. पहाट.)

हिवाळ्यात पुण्याहून गाड्या भरून माणसं इथं रोहित पक्षी बघायला येतात. पक्षी उथळ पाण्यात चोच बुडवून चिखल गाळत उभे. नावाडी बांबू टेकवतो. बांबू हातभर आत जातो, आणि उपसताना चिखल सोडत नाही.