सासष्टीचा पोदेर, भायखळ्याची भट्टी

गोव्याच्या सासष्टी तालुक्यात पाव भाजणाऱ्याला ‘पोदेर’ म्हणतात. हा शब्द पोर्तुगीज भाषेतून आला आणि ही विद्याही पोर्तुगिजांच्याच काळात, जेझुइट पाद्र्यांकडून, तेथील ख्रिस्ती कुटुंबांच्या हाती आली. पीठ फुगवण्यासाठी यीस्ट मिळत नसे, म्हणून पोदेरांनी माडाची सूर, म्हणजे माडी, पिठात घातली, आणि परक्या देशाच्या पावाला कोकण किनाऱ्याची चव लागली.

एकोणिसाव्या शतकात मुंबई वाढू लागली, तशी यांतील काही कुटुंबे पोटापाण्यासाठी तिकडे निघाली. मालवण, देवगड, रत्नागिरीचे चाकरमानीही याच किनाऱ्यावरून गिरण्यांमध्ये कामाला येत होते. दोघांचा मुलूख शेजारचा, दोघांच्या घरी भात आणि मासळी. तरीही पोदेराच्या हातचा पाव चाकरमान्याच्या ताटात यायला फार काळ जावा लागला, कारण पाव खाल्ला की माणूस बाटतो ही समजूत खोलवर रुजलेली होती. १८४९ साली मुंबईत स्थापन झालेल्या परमहंस सभेने जातिभेद मोडण्यासाठी नेमका पावच निवडला, हे मला फार अर्थपूर्ण वाटते. ख्रिस्ती माणसाने केलेला पाव खाणे हा सभेत प्रवेश घेण्याच्या विधीचा भाग होता, आणि तो गुप्तपणेच करावा लागे. १८६० मध्ये सभासदांची नावे फुटल्यावर ती सभा मोडली.

त्यानंतर अर्धे शतक लोटण्याच्या आत, १९०८ मध्ये, भायखळ्याच्या क्लेअर रोडवर गोव्याहून आलेल्या एका कुटुंबाने आपली बेकरी उघडली. अमेरिकन एक्सप्रेस कंपनीच्या बोटींना पाव पुरवण्यावरून तिचे नाव ‘अमेरिकन एक्सप्रेस बेकरी’ पडले, अशी हकिकत सांगितली जाते. जवळच कापड गिरण्या आणि चाळी होत्या. भट्टीचे काम रात्री चाले, कारण पहाटे कामावर निघणाऱ्याला चहाबरोबर ताजा पाव हवा असे. इराणातील यझद आणि केरमान येथून आलेल्या कुटुंबांच्या हॉटेलांतील ब्रून मस्का, म्हणजे लोणी लावलेला कडक पावही, याच शहराने आपलासा केला. पुढे १९६०च्या दशकात बटाटेवडा लादीपावात बसला, आणि ज्या पावाने कधीकाळी माणूस बाटत होता, तो मराठी माणसाच्या रोजच्या खाण्याचा आधार झाला. १९८२च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या, चाळींच्या जागी उंच इमारती आल्या, तरी पावाची मागणी राहिली.

जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड व कोळशावर चालणाऱ्या शहरातील बेकऱ्यांना सहा महिन्यांत गॅससारख्या स्वच्छ इंधनाकडे वळण्याचा आदेश दिला. भट्टीचा धूर आधी शेजाऱ्यांच्याच छातीत जातो, त्यामुळे या आदेशामागचे कारण रास्त आहे. परंतु लाकूड जळून गेल्यावरही विटांच्या भट्टीत उष्णता तासन्‌तास टिकते, आणि ती उतरत जाईल त्या क्रमाने आधी पाव, मग बिस्किटे आणि शेवटी टोस्ट भाजले जातात. हा क्रम कुठे लिहिलेला नसतो. दार उघडल्यावर तोंडावर येणाऱ्या झळेवरून कारागीर तो ओळखतो. गॅसच्या भट्टीपुढे उभ्या राहिलेल्या कारागिराला आता तोच क्रम तापमानाच्या काट्याकडे पाहून नव्याने बसवावा लागतो आहे.