केकचा घाम आणि जिलेटिनच्या कांड्या

मराठी भाषा गौरव दिनानिमित्त सांगलीतील एका वाचनालयात दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन

मंडळी, बावीस वर्षं मी शाळेत मराठी शिकवलं आणि गेली नऊ वर्षं विश्रामबागेतल्या आमच्या घरी केक करते, क्लास घेते. आज २७ फेब्रुवारी. मराठीची थोरवी सांगणारे आज गावोगावी उभे राहिले असतील. माझ्याकडे तेवढं मोठं सांगण्यासारखं काही नाही. केकच्या धंद्यातले काही शब्द ऐकले की खाण्याची वासनाच जाते, ती का जाते, एवढंच बोलणार आहे.

आमचे सासरे जत तालुक्यातले. सुरुवातीच्या दिवसांत मी केकवर ओतायची आरशासारखी चकचकीत ग्लेझ शिकत होते. फोनवर मैत्रिणीला विचारलं, ‘पाव किलोला जिलेटिन किती घालू गं?’ अण्णांनी हातातला पेपर खाली ठेवला. म्हणाले, ‘पोरी, जिलेटिन? आणि ते पोरांस्नी खायला घालतीस?’ त्यांचं काय चुकलं? जत-आटपाडीकडं ज्याच्या शेतात विहीर खणली गेली, त्याला जिलेटिन एकच माहीत. कांडी. भोक पाडायचं, कांडी ठासायची, वात पेटवायची आणि लांब पळायचं. आपल्या वर्तमानपत्रांतही जिलेटिन येतं ते कायम ‘कांड्या जप्त’ याच्या सोबतीनं.

मी त्यांना समजावलं. त्या कांडीत हे खायचं जिलेटिन नसतंच. आल्फ्रेड नोबेलनं १८७५ साली नायट्रोग्लिसरीनमध्ये नायट्रोसेल्युलोज मिसळून जेलीसारखं घट्ट स्फोटक तयार केलं, आणि ते जेलीसारखं दिसतं म्हणून त्याला ते नाव चिकटलं. अण्णांना हायसं वाटलं. मग विचारलं, ‘मग तुझं कशाचं असतंय?’ मी खरं ते सांगितलं, की जनावरांच्या कातडीपासून आणि हाडांपासून काढतात. अण्णा माळकरी. थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, ‘मग कांडीच बरी होती की.’ त्या दिवसापासून आमच्या घरात चायना ग्रास. समुद्रातल्या शेवाळाचं असतं ते, पण ‘शेवाळ’ हा शब्द मी त्यांच्यासमोर काढलेला नाही.

आता ‘मॉइस्ट’कडे येऊ. तुमच्यापैकी ज्या घरी केक करतात त्यांच्या तोंडी हा शब्द दिवसातून दहा वेळा असतो. ‘ताई, केक एकदम मॉइस्ट झाला.’ म्हणजे कोरडा पडला नाही. आपल्या दृष्टीनं ही पावती. इंग्रजी ज्यांची मायबोली आहे, त्यांच्यातल्या कित्येकांना मात्र हा शब्द ऐकवत नाही. अंगावर काटा येतो म्हणतात. अमेरिकेतल्या ओबर्लिन कॉलेजमधले मानसशास्त्रज्ञ पॉल थिबोडो यांनी यावर पाच प्रयोग केले आणि २०१६ मध्ये ‘प्लॉस वन’ या नियतकालिकात ते मांडले. साधारण दहा ते वीस टक्के लोकांना या शब्दाचा तिटकारा असल्याचं त्यांना आढळलं. तरुण, जास्त शिकलेल्या आणि स्त्रियांमध्ये तो अधिक. म्हणजे या सभागृहातल्या पहिल्या तीन रांगा.

गंमत पुढं आहे. त्या लोकांना कारण विचारलं तर पुष्कळ जण म्हणत, शब्दाचा आवाजच घाण आहे. पण त्याच आवाजाचे दुसरे इंग्रजी शब्द ऐकवले तर त्यांना काही होईना. खरी अडचण शरीराच्या ओलेपणाची होती. घाम, लाळ आणि पुढचं तुम्ही जाणता. केकबद्दलच्या शब्दांच्या पाठोपाठ तो शब्द आला की घाण कमी वाटे. ‘स्वर्ग’सारख्या चांगल्या पण संबंध नसलेल्या शब्दापाठोपाठ आला की जास्त वाटे.

मी हे वाचलं आणि मला अण्णा आठवले. शब्दाला चव असते ती त्याच्या शेजारपाजाऱ्यांची. जिलेटिनच्या शेजारी विहिरीचा सुरुंग राहत होता, एवढंच.

तुम्ही म्हणाल, मग मराठी शब्द वापरा. वापरला होता. पहिल्या वर्षी मी माझ्याच हातानं पत्रक लिहिलं : ‘ओलसर चॉकलेट केक’. बावीस वर्षं व्याकरण शिकवलेली बाई, मला वाटलं चोख भाषांतर आहे. समोरच्या काकू पत्रक वाचून म्हणाल्या, ‘ओलसर का ठेवतेस? वाळू दे की नीट.’ मराठीत ओलसर काय असतं? पावसाळ्यातला टॉवेल. बाथरूमच्या पलीकडची भिंत. ‘दमट’ लिहिलं असतं तर हवामानखात्याचा अंदाज झाला असता. आणि बिस्किट ओलं झालं की त्याला आपण सादळलं म्हणतो, ते तर फेकूनच देतो.

म्हणून आपण ‘मॉइस्ट’ म्हणतो. इंग्रजीच्या प्रेमानं नव्हे. त्या शब्दाला आपल्या घरात कुणी शेजारीच नाही, कोरा करकरीत आहे तो. ‘गनाश’चंही तसंच. चॉकलेट आणि क्रीमचं ते मिश्रण, नाव घेतलं तरी तोंडाला पाणी सुटतं. फ्रेंचमध्ये गनाश म्हणजे घोड्याचा खालचा जबडा, आणि त्यावरून मठ्ठ माणूस. आपल्याला फ्रेंच येत नाही हे किती बरं!

कारागिरांचे आपापसातले शब्द तर गिऱ्हाइकापर्यंत जाऊच नयेत. फॉन्डंट म्हणजे साखरेची लाटलेली जाड पोळी, केकवर पांघरतात ती. ती कोरडी पडून सुरकुतली की इंग्रजीत तिला हत्तीची कातडी म्हणतात. आतून हवा सुटून एका जागी फुगा आला तर जो शब्द आहे तो मी या व्यासपीठावर उच्चारणार नाही. आपल्याकडे वैद्य त्याला ‘वात सरणे’ म्हणतात. आणि घाम! जुलैमध्ये, बाहेर कृष्णेचं पाणी चढत असताना, फ्रिजमधला फॉन्डंटचा केक बाहेर काढा. दमट हवेतली वाफ गार केकवर थेंबाथेंबानं जमते आणि साखर ती शोषून चिकट होते. ‘केकला घाम आलाय’ असं इंग्रजीतही म्हणतात. मी एकदा एका बाईंना फोनवर सांगितलं, ‘काळजी करू नका, घाम आहे, पंख्याखाली ठेवा, सुकेल.’ त्यांनी केक सुकवला, कापला, वाटला, आणि स्वतः खाल्ला नाही.

‘क्रम कोट’ची कथा वेगळी. केकवर शेवटचं आयसिंग करण्याआधी क्रीमचा पातळ हात देतात, म्हणजे केकचा चुरा त्यात अडकून राहतो, वरच्या थरात येत नाही. इंग्रजीत त्याला ‘डर्टी आयसिंग’ असंही नाव आहे. वाढदिवसाच्या केकला मळकं आयसिंग! क्लासमधल्या एका मुलीनं वहीत ‘क्रम कोट’ लिहून खाली प्रश्न लिहिला होता, ‘क्रम कोणता?’ मी चुरा, भुगा असं समजावत बसले. मागून शिवणकाम करणाऱ्या एक ताई म्हणाल्या, ‘अस्तर आहे ते, बाई. ब्लाउजला नाही का लावत?’ सगळ्या वर्गाला क्षणात कळलं. तेव्हापासून आमच्याकडे केकला आधी अस्तर लागतं. क्रीमची नक्षी काढायचं पायपिंग तर शिवणाऱ्यांकडूनच आलंय असं सगळ्यांना आधीपासून वाटत होतं.

आता मराठीचं कौतुक करायचंच तर इथं करते. अनारशात साखर-गूळ जास्त पडला की तुपात सोडल्याबरोबर तो विरघळून पसरतो. तीन दिवस तांदूळ भिजवलेले, कांडलेले, पीठ मुरवलेलं, सगळं पाण्यात. आणि आपल्या आज्या काय म्हणाल्या? अनारसा हसला. पिठात घालायच्या कडकडीत तुपाला किंवा तेलाला इंग्रजीत ‘शॉर्टनिंग’ म्हणतात. पिठाचे लांब चिवट धागे ते आखूड ठेवतं, म्हणून ते नाव. काम बरोबर सांगितलंय, पण खुसखुशीत करंजी खाताना कुणाला आखूडपणा आठवायचा आहे? आपण त्याला मोहन म्हणतो. पाकाच्या बाबतीत मात्र दोघांचं एकमत दिसतं. साधारण ११२ ते ११६ अंश सेल्सियसच्या पाकाला ते ‘सॉफ्ट बॉल’ म्हणतात, आपण गोळीबंद. दोन्हीकडच्या बायकांनी पाकाचा थेंब गार पाण्यात टाकून बोटांनी गोळी होते का पाहिलेलं आहे.

पण फार हुरळू नका. चीक हा शब्द घ्या. झाडाचा चीक, बोटाला लागला तर सुटत नाही. जखमेतूनही काहीतरी चिकट येतं. परक्या माणसाला सांगा, ‘आज आमच्याकडे चीक खायला या.’ येईल का? आणि उन्हाळ्यात कुरडयांचा घाट घातला असताना गव्हाचा गरम चीक दूध-साखर घालून वाटीत पडला, की आपली सगळी पोरं पातेल्याभोवती. इथं कुणाच्या तोंडाला पाणी सुटलं असेल तर तो शब्द त्यांच्या आजीच्या शेजारचा आहे. पुण्या-मुंबईत वाढलेल्या माझ्या भाचीला तो अजूनही ऐकवत नाही.

उबग आणणाऱ्या जाहिरातीच्या शब्दांवर फार वेळ घालवत नाही. ‘यम्मी’ मी क्लासमध्ये बंद केलाय, दहा रुपये दंड. ‘सिनफुल’ म्हणजे पापी. ज्या घरात पहिला घास देवापुढं ठेवतात तिथं पापी चॉकलेट विकायचं कसं? ‘डिकेडंट’च्या मुळाशी ऱ्हास आहे, पडझड आहे. आणि एक माझ्या अंगलट आलेलं. एका मुलानं आजोबांच्या पंच्याहत्तरीसाठी केक सांगितला. केकचं नाव होतं ‘डेथ बाय चॉकलेट’. मी नेहमीसारखं खोक्यावर नाव लिहिलं आणि पोचवायला गेले. आजींनी खोकं हातात घेतलं, नातवाला विचारलं, ‘काय लिहिलंय रे?’ त्यानं इमानदारीत भाषांतर केलं. आजींनी माझ्याकडे पाहिलं. एक शब्द बोलल्या नाहीत. आत गेल्या, कात्री आणली, खोक्याचा तेवढा पुठ्ठा कापून काढला आणि मग निरांजन लावलं.

तेव्हा प्रश्न उरतो, मॉइस्टला मराठीत काय म्हणायचं? लुसलुशीत म्हणाल, पण त्यात मऊपणा आला, ओल आली नाही. मला वर्षभर विचार करून एक शब्द सापडला होता. आम्ही केकच्या थरांना साखरेचं पाणी देतो, रात्रभर ठेवतो, दुसऱ्या दिवशी तो खरा लागतो. अगदी लोणच्यासारखं. मुरलेला! मुरलेला मुरांबा, मुरलेला गवई, सगळी चांगली माणसं शेजारी. ‘पाणी मुरतंय’ हे एक गैर वळण आहे, पण तेवढं चालतंय म्हटलं. मोठ्या हौसेनं दारावरच्या पाटीवर लिहिलं, ‘मुरलेला चॉकलेट केक’.

संध्याकाळी पहिलं गिऱ्हाईक आलं. पाटी वाचली आणि विचारलं, ‘किती दिवसांचा आहे?’

आता पाटीवर नुसतं ‘चॉकलेट केक’ आहे. खाली भाव.