आधी घोडीची पाठ

(दृश्य : सासवडबाहेरचा एक छोटा तबेला. शुक्रवारची संध्याकाळ. खुरावर कानस चालल्याचा आवाज.)

नालबंदानं घोडीचा पुढचा पाय आपल्या दोन गुडघ्यांत धरलाय. जुना नाल निघाला. खुराची वाढलेली कड कानशीनं उतरली. आता नवा नाल बसतोय. खुराची बाहेरची भिंत आपल्या नखासारखी असते, खिळा तिथून गेला तर घोडीला कळतही नाही. तोच जरासा आत सरकला की ती लंगडायला लागते. म्हणून आम्ही सगळे गप्प उभे आहोत. नालबंदाला घाई लावायची नसते.

उद्या सकाळी इथून निघायचं. कऱ्हेच्या काठाकाठानं जेजुरीकडे, नाझरे धरणाच्या पाण्यापर्यंत. अंतर २० किलोमीटरच्या आसपास. रात्री माळावर मुक्काम आणि रविवारी परत.

आम्ही चौघं जुने मित्र. घोडी तीन. चौथा मित्र कॅमेरा घेऊन मोटारसायकलवर मागून येणार. आमच्यातला एक पशुवैद्य आहे, त्याला आम्हीसुद्धा डॉक्टरच म्हणतो. मैत्रीण शाळेत मराठी शिकवते. माझ्या वाट्याला आलेली घोडी पंचकल्याणी आहे. चारही पाय खालून पांढरे, कपाळावर पांढरा पट्टा.

(दृश्य : शनिवार, सकाळ. नदीकाठची गाडीवाट. तीन घोडी एकामागे एक.)

पहिला तासभर घोडी चालीनंच न्यायची, म्हणजे तिचं अंग मोकळं होतं. चालीचा वेग ताशी ६ किलोमीटर. झपाट्यानं चालणारा माणूसही जवळपास तेवढंच चालतो. पण उंची बदलते, आणि उंची बदलली की मुलूख बदलतो. बांधापलीकडचं दिसतं. अंजिराच्या बागा, सीताफळाची झाडं, गुडघ्याएवढी आलेली रब्बीची ज्वारी, कांद्याच्या रोपांचे वाफे. शेतात वाकलेली बाई मान वर करते, हसते, पुन्हा वाकते. मोटारीतून जाताना हे हसू कधी मिळत नाही.

डाव्या हाताला, मागं, मल्हारगड. पेशव्यांच्या तोफखान्याचे सरदार पानसे यांनी १७५७ ते १७६० या काळात बांधलेला छोटा किल्ला. इथून तो डोंगरावर ठेवलेल्या टोपीसारखा दिसतो.

माळ लागला तशी घोडी आपोआप दुडक्या चालीला लागली. आता बोलणं बंद. दुडकीत घोडीच्या पाठीबरोबर उठायचं आणि बसायचं असतं. ताल चुकला की धक्का आपल्या कण्याला बसतो आणि तिच्याही. आम्हाला वाटत होतं, आपण छान चाललोय. पाठीखाली काय चाललंय ते वर बसणाऱ्याला दिसत नाही.

दुपारी एका विहिरीवर भाकरी सोडली, घोड्यांना पाणी पाजलं, तासभर सावलीत थांबलो.

(दृश्य : जेजुरीचा गड दुरून. उन्हात पिवळसर.)

जेजुरीचा देव घोड्यावरचा देव. आणि त्याची दुसरी बायको बाणाई धनगराची लेक. ओव्यांमधली कथा अशी की बाणाईसाठी खंडोबा राजेपण सोडून तिच्या वाड्यावर चाकरीला राहिला, मेंढरं राखली. आज रात्री आम्हाला जिथं उतरायचं आहे, तोही धनगरांचा वाडाच आहे. वाडा म्हणजे दगडी घर नव्हे. चार-सहा कुटुंबं, त्यांची मेंढरं, कुत्री, कोंबड्या आणि घोडी मिळून चालतं गाव.

दिवाळी झाली की बारामती, इंदापूर, फलटण या भागातले असे वाडे पश्चिमेला निघतात. काही घाट उतरून कोकणात, पेण-पनवेलकडे जातात. भात कापलेला असतो, रानं मोकळी असतात. शेतकरी रात्री मेंढरं शेतात बसवून घेतो, लेंडीखत मिळतं, त्याबदल्यात धान्य किंवा पैसे देतो. पावसाच्या आधी वाडा परत देशावर येतो, कारण दख्खनी मेंढीला कोकणातला पाऊस सोसत नाही, चिखलात तिचे खूर सडतात. हा वाडा मोरगावच्या बाजूनं येत होता. डॉक्टरनं मागच्या वर्षी त्यांच्या मेंढरांना लस टोचली होती. ओळख तिथली.

(दृश्य : संध्याकाळ. कांदा काढून मोकळं झालेलं रान. लांबवर धरणाचं पाणी.)

आम्ही पोचलो तेव्हा बाया आधीच आल्या होत्या. चालीची पद्धत अशी : पुरुष मेंढरं चारत लांबच्या वाटेनं येतात, बाया बिऱ्हाड घोड्यांवर लादून जवळच्या वाटेनं. मुक्कामाची जागा गाठायची, ओझी उतरवायची, पाल ठोकायचं, चूल मांडायची आणि मेंढरांसाठी वाघूर लावायची, हे सगळं बायांचं. वाघूर म्हणजे खुंट्यांना बांधलेलं जाळ्याचं कुंपण.

एका घोडीच्या पाठीवर काय काय असतं ते इथं पाहून घ्या. पालाची कापडं आणि काठ्या. पिठाची गोणी. भांडी. घोंगड्या. वाघूर. त्यावर पाय बांधलेल्या चार कोंबड्या. आणि सगळ्यांच्या वर, दोन गाठोड्यांच्या मधल्या खोबणीत, कालच जन्मलेलं कोकरू. फक्त डोकं बाहेर.

(निवेदन थांबतं. कोकराचा आवाज.)

या घोडीला भीमथडी म्हणतात. थडी म्हणजे नदीचा काठ. भीमा आणि नीरेच्या खोऱ्यातली ही घोडी. इथल्या जनावरांत अरबी आणि तुर्की रक्त मिसळून ती घडत गेली. उंच नाही, खांदा माझ्या छातीला लागेल एवढाच. पण छाती रुंद, खूर टणक, आणि वाळल्या गवतावर दिवस काढायची ताकद. मराठ्यांचं घोडदळ अशाच जनावरांवर धावलं. १७२८ साली पालखेडला पहिल्या बाजीरावानं निजामाला मोठी लढाई न देता कोंडलं, ते तोफांच्या जोरावर नव्हे. जड सामान मागं ठेवून हलकं आणि सतत हलत राहिल्यामुळं.

१८१८ला पेशवाई गेली आणि पागा मोडल्या. स्वार शेतीला लागले. घोडी मग कोणाकडे राहिली? धनगरांकडे. त्यांना मिरवायला घोडं नको होतं. बैलगाडी जिथं जात नाही तिथून, बांधावरून, घाटातून, ओढ्यातून घर नेणारं जनावर हवं होतं. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोनं भीमथडीची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली आहे, आणि ती नोंद होण्याएवढी घोडी शिल्लक राहिली ती या वाड्यांमुळं. पुतळ्यांवरचे घोडे आपण मान वर करून पाहतो. माझ्या मनात मराठी घोड्याचं खरं चित्र आता हे आहे : वर कोकरू, बाजूला कोंबड्या, आणि पुढं दोर धरून चालणारी बाई.

(दृश्य : आमची घोडी. खोगिरं उतरवली जात आहेत.)

मी खोगीर उतरवलं. घोडीची पाठ घामानं काळी झाली होती. मान जिथं पाठीला मिळते त्या उंचवट्याजवळ तळहाताएवढा भाग मात्र कोरडा होता. मला बरं वाटलं. म्हटलं, इथं तिला घामसुद्धा आला नाही.

पाल ठोकणाऱ्या आजी हातातला दगड ठेवून उठल्या. सरळ घोडीपाशी आल्या. त्या कोरड्या जागेवर हात ठेवला.

"हितं घाम न्हाई, म्हंजी हितं दाबलंय, बाळा. तू बसून आलास. ती तुला घिऊन आली. आधी तिची पाठ बघाय पायजे."

डॉक्टरनं पाहिलं, मग खोगिराखालचा नमदा उलटा केला. एक घडी पडली होती, बोटभर जाडीची. सकाळी बांधताना मी ती पाहिली नव्हती. २० किलोमीटर माझं सगळं वजन त्या एका घडीवर होतं.

आजींनी पाण्यात भिजवलेलं फडकं त्या जागी ठेवलं. मला ओरडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "घोडं बोलत न्हाई. मग आपुन रोज हात लावून इचारायचं."

(दृश्य : अंधार पडताना. घोड्यांची कामं.)

मुक्कामावर घोड्याचं काम आपल्या जेवणाआधी संपवायचं. अंग थंड होईपर्यंत फिरवायचं. खरारा करायचा, म्हणजे ब्रशनं धूळ आणि वाळलेला घाम काढायचा. प्रत्येक खूर उचलून खडा अडकलाय का बघायचं. मग पाणी, मग कडबा, आणि चंदी सगळ्यात शेवटी. भिजवलेले हरभरे तोबऱ्यात घालून तोबरा तोंडाला बांधायचा. घोड्याला उलटी होत नाही. चुकीचं किंवा घाईनं खाल्लेलं आतच राहतं, आणि पोटशूळ घोड्याचा जीव घेऊ शकतो. म्हणून हा क्रम मोडायचा नाही, आपल्याला कितीही भूक लागलेली असो.

वाड्यावरच्या एका घोडीचे पुढचे दोन पाय आखूड दोरानं सैलसर बांधले होते. ती छोटी पावलं टाकत चरत होती, लांब जाऊ शकत नव्हती. आमची मैत्रीण तिथं जाऊन बसली आणि बराच वेळ उठलीच नाही. नंतर म्हणाली, "हा पायबंद. दरवर्षी मुलांकडून वाक्यात उपयोग करून घेते. महागाईला पायबंद, अफवांना पायबंद. मी स्वतः आज पहिल्यांदा पाहिला."

मग तिनं आजींना विचारलं, मागचे पाय बांधायच्या दोराला काय म्हणतात?

"पिछाडी."

पुढच्याला?

"आगाडी. का गं बाय?"

(दृश्य : मेंढरं येतात. धुळीचा आणि घंटांचा आवाज. निवेदन नाही.)

रात्री बाजरीची भाकरी आणि लसणाचं तिखट. वाड्याचे कारभारी असलेल्या मामांनी सुंबरान मांडलं, म्हणजे देवाला आठवून ओव्या गायल्या, धनगरांच्या बिरोबाचं नाव घेऊन. ते चित्रित करायला आम्ही परवानगी मागितली नाही. कॅमेरा त्या वेळी बंद होता.

नंतर मामांनी सांगितलं, वाटा आता आखडल्या आहेत. जिथं रान मोकळं सापडायचं तिथं प्लॉट पडलेत, तारा लागल्यात. काही वाडे बिऱ्हाड टेम्पोनं पुढं पाठवतात. टेम्पोनं एका फेरीत काम होतं. मग घोडी वर्षभर पोसायची कशासाठी, असा प्रश्न घरातली पोरं विचारतात. मामांनी त्याचं उत्तर दिलं नाही. मलाही ते देता येत नाही. पण घोडी गेली तर तिच्याबरोबर तिची पाठ वाचणारे हातही जातील, आणि ते कुठल्याही नोंदवहीत उतरवता येणार नाहीत, एवढं मला त्या संध्याकाळी दिसलं होतं.

(दृश्य : मध्यरात्र. चांदणं. घोड्यांच्या आकृत्या.)

घोडा बहुतेक झोप उभ्यानंच घेतो. पायाच्या सांध्यांची रचना अशी असते की स्नायूंना फार कष्ट न देता तो उभा राहू शकतो. गाढ झोपेसाठी मात्र त्याला आडवं व्हावं लागतं, तेही थोडाच वेळ. बाकीची घोडी निजली की त्यांच्यातलं एखादं सहसा जागं राहतं. त्या रात्री माझी घोडी जागी होती. दोनच्या सुमाराला तिचे कान एकदम धरणाच्या दिशेला वळले आणि ती फुरफुरली. मग कुत्री भुंकली. मामा घोंगडी टाकून काठी घेऊन उठले, वाघुरीभोवती फेरी मारून आले. लांडगा असेल, म्हणाले. किंवा बिबट्या. आता दोन्ही असतात.

(दृश्य : रविवार, पहाट. वाडा उठतो.)

सकाळी कोरड्या जागेवर सूज होती. हात लावला तर घोडीनं कातडी थरथरवली. डॉक्टरनं मान हलवली. खोगीर चढणार नाही.

खोगीर मोटारसायकलच्या मागं बांधलं. दोर हातात घेतला आणि बायांच्या मागं चालायला लागलो. वाडाही सासवडच्याच दिशेनं निघाला होता. थोड्या वेळानं मागं पाहिलं तर डॉक्टर आणि मैत्रीणही आपापल्या घोडीवरून उतरले होते.

माझ्या शेजारी दहा-बारा वर्षांची एक मुलगी चालत होती. घोडीच्या अंगावर तिचं सगळं घर. ती घोडीच्या डाव्या खांद्यापाशी चालायची, ना पुढं ना मागं. ओढा आला की दोर सैल सोडायची आणि घोडीला स्वतः पाय टाकायची जागा शोधू द्यायची. मी माझ्या घोडीला ओढत होतो. तिनं माझा हात धरला आणि खाली केला.

"सोडा की, मामा. तिला दिसतंय."

घोडीचे डोळे डोक्याच्या बाजूंना असतात. मान न वळवता तिला जवळजवळ सगळीकडचं दिसतं, फक्त कपाळासमोरचं आणि शेपटीमागचं नाही. दोर सैल झाला तशी तिनं मान खाली घातली, पाण्याचा वास घेतला आणि दगड चुकवत पलीकडे गेली. मीच मागं राहिलो.

१०-१२ किलोमीटरवर वाड्याचा पुढचा मुक्काम आला. आम्हाला पुढं जायचं होतं. आजींनी माझ्या घोडीच्या पाठीवर पुन्हा एकदा हात फिरवला आणि डॉक्टरला म्हणाल्या, आठ दिस काय टाकू नका हिच्यावर. डॉक्टर म्हणाला, मीही तेच सांगणार होतो.

(दृश्य : तबेला. संध्याकाळ. बादलीतून पाणी पिणारी घोडी.)

(दृश्य : तीन दिवसांनंतर. दिवे घाट.)

हे चित्रण आमच्या मित्रानं नंतर एकट्यानं जाऊन केलं. वाडा घाट उतरतोय. एका बाजूला दरी, दुसऱ्या बाजूला ट्रक आणि एसटी. घोडी रस्त्याची कड सोडत नाहीत. कोकरू अजून वरच आहे.

वळणावर आजी थांबतात. ओझ्याखाली हात घालतात, घोडीची पाठ चाचपतात, हात बाहेर काढतात आणि पुढं चालू लागतात.