हॉलमधल्या वडाला कात्री

नमस्कार श्रोतेहो. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, जिथं असाल तिथं, हातात कणीक असली तर मळत मळतच ऐका. आज बोलायचंय घरातल्या फायकसच्या छाटणीबद्दल. बारीक चकचकीत पानांचं, फांद्या खाली झुकलेलं ते झाड. नर्सरीवाले नुसतं फायकस म्हणतात, पुस्तकात फायकस बेंजामिना. वड, पिंपळ, उंबर हे सगळे त्याच्याच गोतातले. हे भाऊबंद लक्षात असू द्यात, पुढं लागणार आहेत.

आमचं घर शहापुरातलं, जुनं, कौलारू. हॉलमधला पंखा बराच खाली लोंबतो. फायकस वाढत वाढत त्याच्यापर्यंत गेलं. काही वर्षांमागच्या जूनमधली गोष्ट. जेवायच्या वेळी पंखा लावला आणि टर्र! पानांचा चुरा थेट भाकरीच्या बुट्टीत. मला आला राग. स्टूल घेतलं, दुधाची पिशवी कापायची कात्री घेतली आणि चार फांद्या उडवल्या.

उंबराला नख लावलं तरी चीक येतो, हे लहानपणापासून ठाऊक. पण रागात कुठलं आठवायला? टपटप पांढरा चीक गळायला लागला, आणि खाली खुर्चीवर ह्यांचा इस्त्रीचा शर्ट. तो काळपट डाग अजून आहे. शर्टही आहे, मी पायपुसणं केलंय.

तेवढ्यात सासूबाई आल्या. "अगं, वटपौर्णिमा परवावर आली, आणि वडाच्या जातीच्या झाडाला कात्री लावलीस काय गं?"

मी म्हटलं, "आत्या, हा वड नव्हे. वडाचा चुलत भाऊ."

"चुलत दीर झाला तरी दीरच की!"

आता ह्याच्यावर काय बोलणार? शेजारच्या वैनी दारातूनच म्हणाल्या, "टाकू नका हं, एक फांदी मला द्या." आणि वटपौर्णिमेला खरंच आमचं फायकस त्यांच्या देवघरात, कळशीच्या पाण्यात उभं! भोवती दोरा, पुढं आंबा आणि फणसाचे गरे. मला विचाराल तर बाजारात वडाच्या फांद्या ओरबाडून आणतात ते मुळीच पटत नाही. झाडापाशी जावं, तेवढेच पाय मोकळे होतात. वैनींनी वर कुंदा दिला. कुंदा दूध आटवून केलेला हवा, साखरेचा गोळा नव्हे. असो, तो विषय वेगळा.

दुसरी चूक ऐका. छाटलं त्याच दिवशी मी कुंडी ओढत पडवीत नेली. मग पंधरा दिवस रोज सुपलीभर पानं गोळा करत होते. ह्या झाडाला जागा बदललेली खपत नाही. छाटणी आणि जागाबदल एकदम नको. परत सांगते, छाटलं की कुंडी हलवायची नाही.

आता वेळ थोडा उरलाय, भराभर सांगते. मोठी छाटणी थंडी सरताना करा, शिवरात्रीच्या सुमारास, नवी पालवी फुटायच्या आधी. कात्री धारदार घ्या, स्पिरिटनं पुसून. आधी वाळक्या फांद्या. शंका आली तर नखानं साल खरवडा; आत हिरवं दिसलं तर फांदी जिवंत आहे. मग एकमेकींवर घासणाऱ्या काढा. पानाच्या बेचक्यात डोळा असतो, म्हणजे नवा कोंब फुटायची जागा; त्याच्या पाव इंच वर कापा. डोळ्याच्या वर, खाली नव्हे. आणि एका वेळी तिसऱ्या हिश्श्याहून जास्त झाड कमी करू नका.

हा झाला झाडाचा डोळा. तुमच्या डोळ्याला मात्र चिकाचा हात लावू नका. हातमोजे घाला, खाली जुनं लुगडं अंथरा, चीक ओल्या फडक्यानं टिपा. घरात मांजर असलं तर कापलेल्या फांद्या लगेच उचला, तिच्या पोटाला तो चीक बरा नव्हे. पानं कमी झाली की झाड पाणीही कमी पितं. त्यात आपल्याकडचा पाऊस. कुंडीतली माती आठ-आठ दिवस वाळत नाही. बोट घालून बघा, वरची माती कोरडी लागली तरच पाणी.

आणि वैनींची ती फांदी? पूजा झाल्यावर कळशीतच राहिली, आणि तिला मुळं फुटली. त्यांनी कुंडीत लावली. काल वैनी आल्या होत्या. झाड त्यांच्या पंख्याला लागलंय म्हणे. दुधाच्या पिशवीची कात्री मागत होत्या.