दुखऱ्या अंगाने वजन उतरवताना

नमस्कार. समोर बऱ्याच ताई आणि अक्का बसल्या आहेत, काहींनी सुनांनाही सोबत आणलंय. मागच्या रांगेत चार-दोन पुरुष मंडळीही दिसतायत. त्यांना पाहून मला विशेष बरं वाटलं, कारण आज मी जे सांगणार आहे त्यातलं बरंचसं काम त्यांच्या वाट्याचं आहे.

फायब्रोमायल्जिया, म्हणजे अंगभर सतत दुखत राहण्याचा आजार, असलेल्या बाईला दवाखान्यात, घरात, शेजारीपाजारी एकच गोष्ट ऐकवली जाते : "वजन कमी कर, दुखणं आपोआप जाईल." मी सोलापुरात फिजिओथेरपिस्ट आहे. हे ऐकून ऐकून खचलेल्या बायका माझ्याकडे येतात. वजन उतरल्याचा फायदा होतो, यात शंका नाही. या आजाराच्या स्थूल रुग्णांवर अभ्यास झालेत, त्यांत वजन थोडं उतरल्यावरही वेदना आणि झोप सुधारल्याचं दिसलंय. पण हा आजार अंगाने बारीक असलेल्या बायकांनाही होतो, त्यामुळे सगळा दोष वजनावर ढकलू नका. आणि वजन उतरवायचा जो सरसकट सल्ला मिळतो, उद्यापासून तासभर चाला, जेवण निम्मं करा, तो या आजारात माणसाला अंथरुणाला खिळवतो. म्हणून मी क्रम बदलायला सांगते. आधी झोप, मग हालचाल, मग ताट. वजनकाटा सगळ्यात शेवटी.

आजाराबद्दल थोडक्यात बोलते. यात सांधे झिजत नाहीत, स्नायूंना सूज नसते. मेंदू आणि मज्जारज्जू वेदनेचे संदेश वाढवून दाखवतात. त्यामुळे एक्स-रे स्वच्छ, रक्ताचे रिपोर्ट नॉर्मल, आणि अंग मात्र रात्रंदिवस ठणकत असतं. १९९० साली अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांनी ठरवलेल्या निकषांत अंगावरच्या १८ जागा दाबून पाहायच्या आणि त्यातल्या ११ दुखल्या तर निदान करायचं, असं होतं. २०१० पासून निकष बदलले. थकवा, उठल्यावरही न गेलेली झोप, विसरायला होणं, यांनाही निदानात जागा मिळाली. म्हणजे "तुझं सगळं मनाचं आहे" असं कुणी म्हणालं, तर ते शास्त्राला धरून नाही. मात्र थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-१२ आणि डी जीवनसत्त्व एकदा तपासून घ्या. थायरॉइड मंदावलं तर अंगही दुखतं आणि वजनही वाढतं, आणि त्यावर साधी गोळी आहे.

आता झोप. झोप अपुरी झाली की भूक वाढवणारं घ्रेलिन वाढतं आणि पोट भरल्याचं सांगणारं लेप्टिन कमी होतं. दुसऱ्या दिवशी गोडाकडे, तळलेल्याकडे हात जातो. त्याला जिभेचे चोचले म्हणू नका, शरीर मागत असतं. शिवाय झोप मोडली की वेदना वाढते आणि वेदना वाढली की झोप मोडते. आपल्या शहरात याला आणखी एक कारण आहे, ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. पाणी रोज येत नाही, आणि येतं तेव्हा अनेक भागांत अवेळी येतं. रात्री-अपरात्री उठायचं, मोटर लावायची, पिंपं भरायची, घागरी उचलायच्या, आणि सकाळी सहाला पुन्हा चुलीपुढे. ज्या बाईला हा आजार आहे तिने पाण्याच्या रात्री उठू नये. हे मी औषधाइतक्याच गांभीर्याने सांगते. मागच्या रांगेतल्या मंडळींनो, हे काम तुमच्या नावावर लिहून घ्या. दुपारी चारनंतरचा चहा बंद करा. आणि झोपेत जोरात घोरणं, श्वास अडकून दचकून उठणं असेल, तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. झोपेत श्वास थांबण्याचा त्रास वजनाशीही जोडलेला असतो आणि त्यावर उपचार आहेत.

हालचालीबद्दल जरा जास्त बोलणार आहे, कारण घोटाळा इथेच होतो. युरोपातल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ मध्ये या आजारावरच्या सगळ्या उपचारांचा आढावा घेतला. त्यात ठाम शिफारस एकाच गोष्टीची झाली, व्यायामाची. कुठल्याही गोळीची तशी झाली नाही. पण कसा व्यायाम? एखादा दिवस बरा उजाडतो. वाटतं, आज अंग हलकं आहे, चला सगळं उरकून टाकू. मग गोधड्या धुतल्या जातात, माळा साफ होतो, सिद्धेश्वर तलावाला फेरी होते. आणि पुढचे तीन दिवस उठवत नाही. त्या तीन दिवसांत हालचाल शून्य, वर घरच्यांचं "काल तर चांगली होतीस की!" हे ऐकायचं. स्नायू आणखी ढिले पडतात, वजन आणखी चढतं.

यावरचा उपाय ऐकायला फार साधा आहे, पाळायला अवघड. वाईट दिवशीही जमेल एवढंच चालायचं, आणि चांगल्या दिवशीही तेवढंच. पाच मिनिटं जमत असतील तर पाच. दोन आठवडे ती पाच मिनिटं सुखाने निभली की एक-दोन मिनिटं वाढवा. दुसऱ्या दिवशी दुखणं नेहमीपेक्षा जास्त वाटलं तर एक पायरी खाली या, पण थांबू नका. चालण्याइतकंच महत्त्वाचं म्हणजे खुर्चीवरून हात न टेकता उठणं आणि बसणं. चार-पाच वेळा करा, त्यानेच मांड्यांत ताकद येते. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर जातो, तेव्हा सकाळी सातच्या आत नाहीतर दिवस मावळल्यावरच बाहेर पडा. थंडीत उलट करा. पहाटेच्या गारठ्यात अंग आखडतं, ऊन अंगावर आल्यावर निघा.

आमच्या पूर्व भागातल्या विडी कामगार अक्का विचारतात, आम्ही दिवसभर काम करतो, मग हा वेगळा व्यायाम कशाला? त्यांचं काम मी जवळून पाहिलंय. मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि कापलेली पानं. मान तासन्‌तास खाली, खांदे पुढे आलेले, बोटं पान वळतात, दोरा गुंडाळतात, टोक दुमडतात. हजारावर मजुरी असल्यामुळे उठायला जीव होत नाही. बोटं पळत असतात आणि बाकीचं सगळं शरीर एका जागी बांधलेलं असतं. या कामाने दमायला होतं, पण पाय, पाठ, छाती यांना व्यायाम घडत नाही. म्हणून एक करा. एक जुडी बांधून झाली की सूप खाली ठेवा, उभ्या राहा, खांदे मागे गोल फिरवा, दारापर्यंत जाऊन या. दोन मिनिटांनी मजुरी बुडत नाही, आणि संध्याकाळी मान धरायचं प्रमाण कमी होतं.

ताटाकडे वळू. भाकरी सोडू नका, ही माझी हात जोडून विनंती आहे. मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी आपल्या दारात पिकते आणि आपण पाकिटातला ओट्स आणायला निघतो! पन्नास ग्रॅम पिठाच्या भाकरीत साधारण १७० कॅलरी असतात. भर पडते ती भाकरीवरच्या तेलाने. शेंगा चटणी घेतली, त्यात खड्डा केला आणि तेलाची धार सोडली. ती धार सहज एक मोठा चमचा होते, म्हणजे सुमारे १२० कॅलरी. दिवसभरात असे दोन चमचे कमी केले, भाजीतला तवंग धरून, तर हिशेबाने महिन्याला जवळपास एक किलोचा फरक पडतो. प्रत्यक्षात थोडा कमी पडेल, तरी चालेल. चटणी खा, पण चमच्याने मोजून आणि दह्यात कालवून. दही घातलं की तेलाची आठवण होत नाही.

जेवण निम्मं मात्र करू नका. उपाशी शरीर चरबीबरोबर स्नायूही जाळतं, आणि या आजारात स्नायू गमावणं परवडत नाही. प्रत्येक जेवणात डाळ, मटकी, अंडं, दही, यातलं काहीतरी असलंच पाहिजे. दुखण्याच्या दिवशी स्वयंपाक होत नाही आणि मग फरसाणाचा डबा उघडला जातो. त्या दिवसासाठी घरात कडक भाकरी, भाजलेले फुटाणे, मोड आलेली मटकी ठेवा. सोलापूरकरांनी टिकणारी भाकरी केव्हाच शोधून ठेवलीय, तिचा उपयोग अशा दिवशी करा.

औषधांबद्दल अगदी स्पष्ट बोलते. या आजारात दिल्या जाणाऱ्या प्रीगॅबालिनने आणि अमिट्रिप्टिलिनने काहींची भूक आणि वजन वाढतं, प्रीगॅबालिनने पायांवर सूजही येते. गोळी सुरू झाल्यापासून वजन चढत असेल तर तारखेसह डॉक्टरांना सांगा, ते मात्रा किंवा औषध बदलू शकतात. पण स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नका, त्याने त्रास होतो. आणि नाव-पत्ता नसलेल्या, "वातावर रामबाण" म्हणून मिळणाऱ्या पुड्या घेऊ नका. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं सापडलेलं आहे. फायब्रोमायल्जियात स्टेरॉइडचा उपयोग नाही, वर वजन, साखर आणि रक्तदाब तिन्ही वाढतात.

वजनकाट्यावर आठवड्यातून एकदा उभं राहिलं तरी पुरे. ऐंशी किलोच्या बाईने सहा-आठ महिन्यांत चार किलो उतरवले तर मी ते उत्तम यश मानते. त्याच वहीत झोप कशी झाली आणि किती मिनिटं चाललात, हेही लिहा. काही महिने काटा हलणार नाही, पण पाचाची बारा मिनिटं झालेली असतील. तेव्हा ती वही घरच्यांनाही दाखवा.

एका अक्कांची चिठ्ठी आली आहे : "श्रावणात सोमवार, शनिवार दोन्ही धरते. वजनाला चांगलं ना?" अक्का, उपवास श्रद्धेने करता, त्यात मी पडणार नाही. पण वजनासाठी म्हणाल तर दिवसभर काही नाही आणि संध्याकाळी साबुदाण्याची खिचडी, वर शेंगदाण्याचा लाडू, यात रोजच्याइतक्या किंवा जास्तच कॅलरी पोटात जातात. दिवसभराच्या उपाशीपोटाने डोकं आणि अंगही जास्त ठणकतं. दुपारी भगर आणि दही घ्या, संध्याकाळी नेहमीचं जेवण जेवून सोडा. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर उपवासाआधी डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही करू नका. आणि उपवासाच्या दिवशीही तुमची ती पाच मिनिटं चालायचीच आहेत. पुढची चिठ्ठी द्या.