लोकार्पणानंतर कोर्टाचं काय होतं?

श्रोतेहो, नमस्कार.

नोव्हेंबर 2025 मधली गोष्ट. हरियाणातल्या रोहतक जिल्ह्यात, लाखन माजरा गावच्या बास्केटबॉल कोर्टवर 16 वर्षांचा एक मुलगा एकटाच सराव करत होता. राष्ट्रीय पातळीवरचा खेळाडू. धावत आला, उडी मारून रिंग धरली, आणि लोखंडी खांब त्याच्या छातीवर कोसळला. मुलगा गेला. त्याच सुमारास बहादूरगडलाही असाच खांब पडून आणखी एका मुलाचा जीव गेला.

तेव्हापासून कुठल्याही सार्वजनिक कोर्टवर गेलो की मी आधी खांबाच्या बुडाशी बघतो. तुम्हीही बघा. खांब वरून सडत नाही. जिथे पाइप काँक्रीटमधून बाहेर येतो, तिथे पावसाचं पाणी थांबतं, माती साचते, गवत उगवतं, आणि गंज तिथूनच लोखंड खायला लागतो. वरून चंदेरी रंगाचा हात मारला की खांब नवा कोरा दिसतो. पण बुडाशी किल्लीनं जरा खरवडलंत, तर रंगाबरोबर लोखंडाचे पापुद्रे हातात येतात. असं दिसलं तर त्या दिवसापासून तिथला खेळ थांबवायचा आणि वॉर्ड ऑफिसला लेखी कळवायचं. तोंडी सांगून भागत नाही. अर्जाची पोच घ्या.

आपल्याकडे कोर्ट बांधायला पैसा मिळतो. नगरसेवकांचा निधी असतो, आमदारांचा असतो, क्रीडा खात्याची क्रीडांगण विकास अनुदान योजना आहे. फीत कापली जाते, कोनशिला बसते. पुढच्या वर्षी त्या कोर्टाची जाळी कोण बदलणार, दिवे गेले तर कोण लावणार, याची तरतूद मात्र कुठल्याच कागदावर नसते. मग पाच-सात वर्षांनी त्याच जागेचं ‘नूतनीकरण’ निघतं, आणि पुन्हा एक कोनशिला.

त्या नूतनीकरणातही पैसा आधी दिसणाऱ्या गोष्टींवर जातो. निळा-हिरवा ॲक्रिलिक रंग, कमान, भिंतीवर चित्रं. खरं काम रंगाखाली असतं. बास्केटबॉलचं कोर्ट 28 मीटर लांब आणि 15 मीटर रुंद. पाणी वाहून जायचं तर त्याला शंभराला एक उतार लागतो, म्हणजे 15 मीटर रुंदीत 15 सेंटिमीटर. खेळताना हा उतार जाणवतही नाही. तो दिला नाही, तर जून ते सप्टेंबर रिंगखाली डबकं आणि शेवाळ, मुलं घसरून हात मोडून घेतात. नवं काँक्रीट टाकल्यावर ॲक्रिलिकच्या आधी निदान 28 दिवस थांबावं लागतं, नाहीतर आतली ओल रंगाला फोड आणते. आता आपली बिलं निघतात 31 मार्चच्या आत. थांबायला वेळ कुणाला आहे? मार्चमध्ये घाईनं रंग लागतो आणि पहिल्या दोन पावसाळ्यांतच त्याच्या साली निघतात. ठेकेदाराला दोष देणं सोपं आहे. मला विचाराल तर निविदाच दिवाळीच्या सुमारास निघायला हवी, म्हणजे कोरड्या महिन्यांत काम सावकाश होईल.

पेव्हर ब्लॉकबद्दल तर मला कळवळून सांगावंसं वाटतं. मैदानात पेव्हर ब्लॉक बसवू नका हो! त्यावर चेंडू सरळ उसळत नाही, पडलं की गुडघा सोलवटतो, आणि स्केटिंग करणाऱ्यांसाठी ती जागा कायमची बाद होते. स्केटबोर्डचं चाक जेमतेम पाच सेंटिमीटरचं. दोन ब्लॉकमधल्या फटीत, बारीक खडीच्या एका दाण्यावरसुद्धा ते जागच्या जागी अडतं, आणि पोरगं पुढे फेकलं जातं.

स्केटबोर्डिंग टोकियो ऑलिंपिकमध्ये आलं आणि मुलींच्या स्ट्रीट प्रकारात (रस्त्यावरच्यासारख्या पायऱ्या-कठड्यांवरचा खेळ) जपानच्या 13 वर्षांच्या मोमिजी निशियानं सुवर्णपदक घेतलं. 2022 मध्ये गुजरातला झालेल्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत तेच सोनं आपल्या पुण्याच्या श्रद्धा गायकवाडनं जिंकलं. तिचे वडील सुरक्षारक्षक. अशा घरातल्या मुलीला सार्वजनिक जागा हाच आधार असतो. आपल्या बागांमधल्या स्केटिंगच्या रिंक बहुतेक सपाट, चाकाच्या बुटांसाठी केलेल्या. स्केटबोर्डला उतार लागतात, कठडे लागतात, घोटून गुळगुळीत केलेलं काँक्रीट लागतं. मध्य प्रदेशात पन्ना जिल्ह्यातल्या जनवार नावाच्या आदिवासी वस्तीच्या खेड्यात 2015 मध्ये असा पार्क झाला. उलरिके राइनहार्ड या जर्मन बाईंनी पुढाकार घेतला. नियम दोनच: शाळेत गेलात तरच स्केटिंग, आणि मुलींना पहिला मान. त्या गावची आशा गोंड 2018 मध्ये चीनमधल्या जागतिक स्पर्धेपर्यंत पोचली. दुसऱ्या नियमानं मला फार शिकवलं. आपल्या कोर्टवर संध्याकाळी सहानंतर मुली का दिसत नाहीत? दिवे नसतात, स्वच्छतागृहाला कुलूप असतं, आणि मोठी मुलं जागा सोडत नाहीत. मुलींसाठी राखीव तास ठेवायला एक रुपयाही लागत नाही.

कोर्ट जिवंत असलं की काय होतं, हे मुंबईत नागपाड्याला बघावं. दाटीवाटीची, कष्टकऱ्यांची वस्ती. तिथल्या नेबरहूड हाउस या सामाजिक केंद्राच्या कोर्टवर शिकलेले अब्बास मुंतसीर भारताच्या बास्केटबॉल संघाचे कर्णधार झाले, 1970 चा अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला. त्यांच्या मागून वस्तीतल्या कितीतरी पोरांनी चेंडू हातात घेतला. कोर्ट घराजवळ होतं आणि थोरले खेळाडू धाकट्यांना शिकवायला तिथेच हजर होते.

म्हणून दुरुस्ती झाल्यावर कोर्टाला कुलूप घालून ते तासाच्या भाड्यावर ठेकेदाराकडे देणं मला मुळीच पटत नाही. ताशी हजार-बाराशे मोजू शकणाऱ्यांना शहरात टर्फ भरपूर आहेत. राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीत नगरपालिकांच्या कामांच्या यादीत बागा आणि क्रीडांगणं नावानिशी लिहिलेली आहेत. महापालिकेनं ती मुलांसाठी खुली ठेवायची आहेत. देखभालीला पैसे नाहीत, हे उत्तर मला मान्य नाही, कारण पुन्हा पुन्हा नूतनीकरण करायला ते सापडतात.

पुणे महापालिकेत 2006 पासून नागरिकांच्या सूचना अंदाजपत्रकात घेण्याची पद्धत आहे. तुमच्या गावी तशी सोय नसेल, तर मुख्याधिकाऱ्यांना किंवा ग्रामसभेत अर्ज द्या. अर्ज रोज खेळणाऱ्या मुलामुलींबरोबर बसून लिहा; डबकं कुठे साठतं, कुठला दिवा बंद आहे, हे त्यांना पाठ असतं. नवीन काही मागण्याआधी तीन ओळी घाला: दर मे महिन्यात अभियंत्याकडून खांबांची तपासणी आणि तिचा फलक कोर्टवर, गटारं आणि पाण्याच्या जाळ्या पावसाआधी साफ, आणि देखभालीचं दरवर्षीचं स्वतंत्र लेखाशीर्ष, म्हणजे अंदाजपत्रकात खर्चाची वेगळी नोंद. सह्या पालकांच्या घ्याच, खेळणाऱ्यांच्याही घ्या.

नमस्कार.