दहा खुर्च्यांचं वर्तुळ

(दृश्य: नागपूरच्या रेशीमबागेतलं कविवर्य सुरेश भट सभागृह. रिकाम्या रांगा.)

इथे सुमारे २००० खुर्च्या आहेत. व्याख्यान संपलं की पुकारा होतो, "कुणाला काही विचारायचंय?" एखाद-दुसरा हात वर जातो, तोही बहुधा नेहमीचाच. प्रश्न नसतात असं नाही. तेच लोक पार्किंगमध्ये गाडी काढता काढता भरभरून बोलतात.

(दृश्य: धरमपेठेतल्या एका घराची बैठक. कोपऱ्यात पोह्यांचं पातेलं.)

इथे दहा जण एका पुस्तकावर बोलायला जमलेत. साधा हिशेब करा. दीड तासात दहा जणांना प्रत्येकी ९ मिनिटं मिळतात, साठ जणांना दीड. दीड मिनिट तर घसा खाकरण्यातच जातं.

पण दहा जणही आपोआप एकत्र बोलत नाहीत. मानसशास्त्रज्ञ रॉबिन डनबार आणि सहकाऱ्यांनी मोकळ्या गप्पांची निरीक्षणं १९९५ मध्ये मांडली. एका संभाषणात साधारण चारच जण टिकतात, पुढे घोळका फुटतो. म्हणून बैठक धरून ठेवणारा कुणीतरी लागतो. आठ ते बारा माणसं त्याला सांभाळता येतात. पाचच असली तर दोघं आले नाहीत की बैठक मोडलीच.

(दृश्य: खुर्च्या सरकवताना.)

एका खुर्चीला अडीच फूट धरा. दहा खुर्च्यांचा घेर २५ फूट, म्हणजे वर्तुळ आठ फूट रुंद. बारा बाय बाराची खोली पुरते. मधे टेबल नको. रिकामी खुर्ची उचलून बाहेर ठेवा, नाहीतर नवा माणूस तिच्याआड सरकून बसतो.

आता नागपूरचा खास शत्रू: कूलर. मे महिन्यात तो बंद करा म्हणणं अमानुष आहे, पण फुल स्पीडवर हळू आवाजाचा माणूस ऐकूच येत नाही. दोनदा "काय म्हणालात?" झालं की तो तिसऱ्यांदा तोंड उघडत नाही. पंखा कमी स्पीडवर ठेवा आणि हळू बोलणाऱ्याला कूलरपासून सगळ्यात लांबची जागा द्या.

पोहे आधी द्यावेत, शेवटी नाही. "तर्री कमी टाका" हे का होईना, नव्या माणसाचं पहिलं वाक्य सगळ्यांच्या कानावर पडून जातं.

(दृश्य: बोलणारे चेहरे, जवळून.)

सुरुवातीचा प्रश्न असा हवा की त्याचं उत्तर चुकूच शकत नाही. "पुस्तक कसं वाटलं?" हा प्रश्न परीक्षेचा झाला. "कुठल्या पानावर थांबलात?" हा बरा. प्रत्येकानं एक वाक्य बोलायचं, आणि "मी नंतर बोलतो" म्हणायची मुभा खरोखरची हवी.

मग थांबायचं. शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात शाळांमध्ये मोजलं होतं: प्रश्न विचारल्यावर शिक्षक जेमतेम एक सेकंद थांबत. तीन सेकंद थांबले की मुलांची उत्तरं लांबत, आपणहून बोलणारीही वाढत. मोठ्यांच्या बैठकीत मनात पाचपर्यंत मोजा. चालवणाऱ्यालाच शांतता सहन होत नाही आणि तोच बोलू लागतो. सगळ्यात जास्त बैठका इथेच बिघडतात.

दुसरी बिघडण्याची जागा भाषेची. कुणी म्हणालं, "मले हे समजूनच नाही राहिलं," आणि शेजाऱ्यानं हसून "मला" अशी दुरुस्ती केली, तर तो माणूस त्या दिवसापुरता संपला. इथे वऱ्हाडी चालेल, मधे हिंदी आली तरी चालेल, हे बैठक चालवणाऱ्यानं स्वतः तसं बोलून दाखवावं. पाटी लावून होत नाही.

वेगळं मत मांडणाऱ्याला एक सोबती लागतो. मानसशास्त्रज्ञ सॉलोमन अ‍ॅश यांच्या १९५० च्या दशकातल्या, रेघांची लांबी ताडून सांगायच्या प्रयोगात, बाकी सगळे ठरवून चुकीचं उत्तर देत असताना एकानंही बरोबर उत्तर दिलं, की बहुमतामागे जाण्याचं प्रमाण एकदम घसरायचं. म्हणून एकटा पडलेल्याला लगेच खोडू नका. "अजून कुणाला असं वाटलं?" एवढं विचारा.

(दृश्य: दारात चपलांचा ढीग.)

लहान बैठकीचा स्वतःचा रोगही आहे. वर्षभरात जुन्यांचे विनोद साचतात, अर्धी वाक्यं पुरतात, आणि नवा माणूस पाहुण्यासारखा बसून राहतो. जुन्यांपैकी एकानं त्याच्या शेजारी बसून संदर्भ सांगत राहावं. सलग तीन बैठकांना पंधराच्या वर माणसं आली, तर दोन बैठका करा. फक्त सगळे जुने एकीकडे आणि सगळे नवे दुसरीकडे, अशी वाटणी नको.